घसारा आणि झीज : सांध्यांतील कूर्चेविषयी एक अभ्यास

या अहवालाच्या अखेरीस जोडलेला ताळेबंद आपण पाहिलात, तर त्यात 'घसारा' या शीर्षकाखाली एक रक्कम दर्शविलेली आढळेल. क्ष-किरण यंत्र, उद्वाहन, शस्त्रक्रियागृहातील दिवे, रुग्णवाहिका यांचे मूल्य दरवर्षी ठरावीक दराने घटते, असे हिशेबशास्त्र मानते. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना हा शब्द पहिल्या वर्षापासून पाठ असतो. अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाबाहेरील बाकांवर बसलेल्या मंडळींच्या बोलण्यात मात्र हाच विचार निराळ्या शब्दांत कानी पडतो. "वय झालं, गुडघे झिजणारच." "आतलं ग्रीस संपलं." "गादी गेली." म्हणजे गुडघ्यालाही लोक यंत्रासारखाच घसारा लावतात, इतकी वर्षे वापरला, इतका झिजला, पुढे मोडीत.

हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यास या वर्षी एक निमित्त घडले. आमच्या संस्थेशी दीर्घकाळ स्नेह असलेल्या घाटकोपरच्या एका कुटुंबाने दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ मोठी देणगी देऊ केली. मातोश्रींची शेवटची काही वर्षे तिसऱ्या मजल्यावरील घरातच गेली होती. इमारतीस उद्वाहन नव्हते आणि दोन्ही गुडघे साथ देत नव्हते. "साहेब, गुडघ्यातली गादी परत वाढवणारी इंजेक्शनं निघाली आहेत म्हणे. आईच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलं नाही. निदान दुसऱ्यांच्या आयांना तरी मिळू देत," असे ज्येष्ठ चिरंजीव आम्हांस म्हणाले. अशा उपचारांचे स्वतंत्र केंद्र आपल्या रुग्णालयात उभारावे, ही त्यांची इच्छा होती.

विश्वस्त मंडळाने या विषयाचा अभ्यास करून टिपण सादर करण्यास आम्हांस सांगितले. आम्ही वैद्यक जाणणारे नव्हे. तेव्हा अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांना पुनःपुन्हा प्रश्न विचारून, त्यांनी सुचविलेले शोधनिबंध त्यांच्याकडूनच समजून घेऊन ते टिपण तयार केले. देणगीदारांनी व रुग्णांच्या आप्तांनीही ते वाचावे, असे विश्वस्तांना वाटल्यावरून थोडा विस्तार करून येथे देत आहोत.

कूर्चा म्हणजे काय

दोन हाडे जेथे एकमेकांना भेटतात, तेथे त्यांच्या टोकांवर एक पांढरा, गुळगुळीत, मोत्यासारखी झाक असलेला थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. (शाकाहारी वाचकांची क्षमा मागून सांगतो, ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी नळीच्या टोकाशी हा थर अवश्य पाहिला असेल.) गुडघ्यात त्याची जाडी साधारणतः दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढीच असते. एवढ्याशा थरावर चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहून अधिक.

हा भार तो पेलतो कसा? कूर्चेचा सुमारे दोन तृतीयांश ते चार पंचमांश भाग निव्वळ पाणी आहे. हे पाणी धरून ठेवण्याचे काम ॲग्रिकॅन नावाचे, बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या आकाराचे मोठे रेणू करतात. ते पाणी शोषून फुगू पाहतात. त्यांना फुगू न देता आवरून धरते ते कोलॅजनच्या दोऱ्यांचे घट्ट जाळे. कापूस फुगू पाहतो, खोळ आणि टाके त्याला आवरतात आणि त्या ताणातूनच बसण्याजोगी गादी तयार होते. आमच्या बाकांवरील मंडळी 'गादी' हा शब्द वापरतात, तो शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी नेमका आहे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हांस मौज वाटली.

या गादीची खरी विलक्षण गोष्ट निराळीच आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, लसिकावाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिच्या आत राहणाऱ्या पेशी संख्येने फार थोड्या. कूर्चेच्या घनफळात त्यांचा वाटा शंभरात एक-दोन ते फार तर पाचाएवढा, आणि प्रत्येक पेशी शेजाऱ्यांपासून दूर आपापल्या कोठडीत एकटी. त्यांना अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून, झिरपत झिरपत. पाऊल टेकले की दाबाने गादीतील थोडे पाणी बाहेर येते. पाऊल उचलले की ते पुन्हा आत ओढले जाते. या ये-जा करण्याने पोषणास मदत होते. अर्थात सांधा हलला नाही, तर कूर्चेची उपासमार होते. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन पाय निश्चल झालेल्या रुग्णांत गुडघ्यातील कूर्चा पातळ होत गेल्याचे आढळले आहे.

मज्जातंतू नसल्याने कूर्चा स्वतः दुखत नाही. रुग्ण वेदना घेऊन आमच्याकडे येतो, तेव्हा खालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे स्नायू हे सर्वच त्या प्रकरणात ओढले गेलेले असतात. क्ष-किरण चित्रात बराच बिघाड दिसूनही एखादी आजी निवांत देवळात जाऊन येते आणि चित्र जवळजवळ स्वच्छ असूनही दुसरीला पाट्यावरून उठवत नाही. नातेवाइकांना ही तफावत पाहून चित्रे अदलाबदल झाल्याचा संशय येतो. तसा लेखी अर्जही आमच्याकडे एकदा आला होता.

आणि रक्त नाही, म्हणून दुरुस्तीही नाही. कातडीला जखम झाली की रक्त येते, गाठ धरते, त्या गाठीत दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात. कूर्चेपर्यंत ही मंडळी पोहोचतच नाहीत. लंडनचे शल्यवैद्य विल्यम हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्ये सांध्यांच्या कूर्चेवर निबंध सादर केला, त्यातही एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे नमूद केलेले आहे. २०१६ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी याचा फार चतुर पुरावा दिला. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि पुढे घटत गेला. त्या चढ-उताराची खूण त्या त्या वर्षी शरीरात तयार झालेल्या प्रत्येक ऊतीवर उमटते. निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या गुडघ्यांतील कोलॅजन या खुणेवरून तपासले, तेव्हा ते वाढीच्या वयात एकदा तयार झाल्यावर पुढे जवळजवळ बदललेच जात नाही, असे दिसून आले. सांधा बिघडलेल्यांतही हीच स्थिती होती. सत्तरीतील आजी आजही आपल्या शाळकरी वयात विणलेल्या जाळ्यावरच चालत असतात.

हा घसारा नव्हे

मग वापराने हे जाळे झिजते, एवढेच का? तसे असते, तर अधिक चालणारे-धावणारे प्रथम अधू झाले असते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पाहणीत हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या सांध्यांची झीज शंभरात साडेतीन जणांत आढळली, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत शंभरात दहांत. स्पर्धेसाठी धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंत मात्र ती तेरांवर गेली. अतिरेक वाईटच, पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फेरी मारणाऱ्या मंडळींनी 'गुडघे वाचविण्यासाठी' ती बंद करण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, स्थूल व्यक्तींत हाताच्या बोटांच्या सांध्यांतही हा विकार अधिक आढळतो. बोटांवर काही शरीराचा भार येत नाही. म्हणजे भाराखेरीज आणखी काही आहे.

ते काय, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने बरेच उलगडले. इजा, अतिभार, वय, शरीरातील चरबीतून पाझरणारी दाह वाढविणारी द्रव्ये यांच्या प्रभावाने कूर्चेतील पेशींचा स्वभाव पालटतो. एरवी जाळे राखणाऱ्या या पेशी जाळे तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडू लागतात. त्यांतील एमएमपी-१३ कोलॅजनचे दोरे कापते, एडीएएमटीएस-५ ॲग्रिकॅनचे ब्रश तोडते. पाणी धरणारे गेले की गादी मऊ पडते, मग तिला चिरा जातात. तुटलेले तुकडे अस्तराला टोचतात, अस्तर सुजते, सूज आणखी विकरे घडविते. खालचे हाड जाड होते, कडांना काटे फुटतात. यंत्राचा घसारा यंत्र स्वतः करीत नाही. येथे मात्र घरातील राखणदारच घर पोखरू लागतो. आमच्या शास्त्रात याला घसारा म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

या फरकाला व्यावहारिक महत्त्व आहे. घसारा अटळ असतो. अफरातफर निदान तत्त्वतः थांबविता येते. २००५ मध्ये एडीएएमटीएस-५ नसलेल्या उंदरांत कूर्चा बव्हंशी सुरक्षित राहते असे सिद्ध झाले, तेव्हा जगभर आशा पल्लवित झाल्या. त्या विकराला रोखणारे औषध तयार झाले आणि नऊशेहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला : माणसांच्या गुडघ्यात कूर्चेचा ऱ्हास त्याने थांबला नाही.

फुटलेली फरशी आणि धोकादायक इमारत

देणगीदार कुटुंबाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एका भेदावर अवलंबून आहे आणि तो भेद उपनगरांतील वाचकांना समजावणे सोपे आहे. एका खोलीतील फरशी फुटणे वेगळे आणि महापालिकेने सगळी इमारत 'सी-१' म्हणून धोकादायक ठरविणे वेगळे. फरशी बदलणारा कारागीर कितीही निष्णात असो, त्याला सी-१ इमारतीत पाठविण्यात अर्थ नाही.

कूर्चेच्या दुरुस्तीचे जे उपाय खरोखर यशस्वी झाले, ते जवळजवळ सर्व फुटलेल्या फरशीचे आहेत. खेळताना वा अपघातात तरुण माणसाच्या कूर्चेला एका जागी खड्डा पडतो; बाकीचा सांधा निरोगी असतो. अशा खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक छिद्रे पाडून रक्त व मज्जेतील पेशी वर येऊ द्यावयाच्या, ही पद्धत अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. खड्डा भरतो, पण भरणारा पदार्थ व्रणासारखा, मूळ कूर्चेइतका टिकाऊ नव्हे. हंगेरीचे लास्लो हांगोडी यांनी १९९२ च्या सुमारास सांध्याच्या कमी भार असलेल्या भागातून हाडासकट कूर्चेच्या लहान कांड्या काढून खड्ड्यात बसविण्यास आरंभ केला.

सर्वांत गाजलेला प्रयत्न स्वीडनमधील गॉथेनबर्गचा. रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवावयाच्या आणि खड्ड्यात सोडून वर झाकण शिवावयाचे. मॅट्स ब्रिटबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा २३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सर्वजण १४ ते ४८ वर्षे वयाचे. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना चांगला वा उत्तम गुण आला. वाटीमागे खड्डा असलेल्या ७ जणांपैकी मात्र दोघांनाच. जागा बदलली की निकाल बदलतो, हे तेव्हाच दिसले होते. भारतातही रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींवर आधारलेल्या अशा उपचारास औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये मान्यता दिली आणि तो विकसित करणारी रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी आपल्या मुंबईचीच आहे, ही अभिमानाची बाब होय.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तर नाकाच्या पडद्यातील कूर्चापेशी वाढवून त्या गुडघ्यात बसविण्यात आल्या. पहिल्या दहा रुग्णांचा वृत्तान्त २०१६ मध्ये आला. हे वाचताना आम्हांस पुण्याचे स्मरण झाले. टिपूशी झालेल्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक तेथे कपाळाच्या कातडीने नव्याने घडविले गेले आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याची सचित्र हकीकत छापून आली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ती आजही सांगितली जाते. तेव्हा कपाळाने नाकाला दिले, आता नाक गुडघ्याला देऊ लागले आहे.

आता इमारतीकडे वळू. साठी-सत्तरीतील, सर्वत्र पातळ झालेल्या गुडघ्यासाठी वरीलपैकी काहीही सामान्यतः लागू पडत नाही, आणि आमच्या बाकांवर बसलेले बहुतेक याच वर्गातील असतात. त्यांच्यासाठी काय काय करून पाहिले गेले, याचा हिशेब उद्बोधक आहे.

दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास केली जाई. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील १८० रुग्णांपैकी काहींवर ती खरोखर केली आणि काहींच्या गुडघ्यावर केवळ छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतर दोहोंत फरक आढळला नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांची १,५८३ रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात केवळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीही शंभरात साठ जणांना बरे वाटले. ग्लुकोसामीन घेणाऱ्यांत चौसष्ट जणांना, आणि हा फरक नगण्य ठरला. हा साठाचा आकडा आमच्या मनात घर करून राहिला आहे. 'अमक्याला त्या इंजेक्शनाने बरे वाटले' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण शंभरातील साठांना कशानेही बरे वाटणार असेल, तर एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने ठेव मोडणे योग्य ठरत नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम पडतो, हे खरे. परंतु दर तीन महिन्यांनी अशी दोन वर्षे दिली असता कूर्चा अधिक वेगाने घटली आणि वेदनेत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून विशेष फरक पडला नाही, असे २०१७ मधील अभ्यासात आढळले. दर वेळी 'एकच टोचून द्या' म्हणून आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे कृपया लक्षात घ्यावे.

कूर्चा वाढविण्याचा दावा ज्याच्याबाबत सर्वांत काळजीपूर्वक तपासला गेला, ते स्प्रिफर्मिन नावाचे वाढीस चालना देणारे प्रथिन. ५४९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांच्या कूर्चेची जाडी दोन वर्षांत सरासरी एक विसांश मिलिमीटरने वाढली, न घेणाऱ्यांची किंचित घटली. कूर्चा वाढली, ही ऐतिहासिक गोष्ट. मात्र वेदनेत त्या मानाने काहीच विशेष फरक दिसला नाही. गादी वाढली म्हणजे दुखणे गेले, हे समीकरण येथे जुळले नाही. कूर्चा स्वतः दुखत नाही, हे वर सांगितलेच आहे.

राहता राहिल्या मूलपेशी, ज्यांच्या जाहिराती हल्ली वारंवार दृष्टीस पडतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. एक, रीतसर चाचण्या होऊन मान्यता मिळालेले उत्पादन. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने तयार केलेले असे औषध मुंबईच्या अल्केम कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणले. त्याच्या चाचणीत वेदना व हालचालीत सुधारणा नोंदली गेली. गेलेली कूर्चा नव्याने उगवते, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाच्याच पोटाची चरबी वा मज्जा काढून, तासाभरात काही प्रक्रिया करून गुडघ्यात सोडणे. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची तुलना साध्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाशी केली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षअखेर एकही प्रकार त्याहून सरस ठरला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्थापित उपयोग वगळता मूलपेशींचा वापर हा प्रयोग समजला जातो. तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांनी, ज्यांचे नाव येथे देणे उचित नाही, अशा एका खाजगी केंद्रात भविष्यनिर्वाह निधीतील मोठी रक्कम खर्च केली. वर्षभराने ते आमच्याकडे सांधा बदलण्यासाठी आले, तेव्हा त्यासाठीचे पैसे उरले नव्हते. निर्धन रुग्ण निधीच्या निकषांत ते बसत नव्हते, कारण कागदोपत्री उत्पन्न होते. समाजसेवा विभागाने तीन ठिकाणी अर्ज करून व्यवस्था केली. त्यात पाच महिने गेले.

भिगवण व पुणे

परदेशांतील आकडे देताना आपल्या महाराष्ट्रातील काम विसरून चालणार नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरातील अठरांना, हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे होते. गुडघेदुखी हा शहरातील बैठ्या लोकांचा रोग, या समजाला त्या शेतकरी गावाने उत्तर दिले.

पुढे केंद्र शासनाच्या एका योजनेतून आयुर्वेदातील दोन मिश्रणांची ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी तुलना करण्यात आली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, आणि कोण काय घेत आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही व तपासणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वेदना कमी करण्यात चारही औषधे जवळपास बरोबरीची ठरली. काही रुग्णांत आयुर्वेदीय मिश्रणांमुळे यकृताच्या चाचणीतील आकडा वाढल्याचेही संशोधकांनी न लपविता नोंदविले. आपल्या परंपरेतील औषधाला असे कसाला लावून पाहणे आम्हांस नुसत्या गौरवापेक्षा अधिक आदराचे वाटते.

जे आज हाती आहे

सांधा पूर्णच निकामी झाला, तर तो बदलणे हा खात्रीचा मार्ग आहे. त्याची ओळख घरोघर झाली ती मुंबईतूनच. ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये बदलण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी कमाल किंमत पूर्वी १,५८,३२४ रुपये होती, ती त्या वेळी कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आणली गेली. धर्मादाय रुग्णालयांच्या दृष्टीने त्या एका निर्णयाचे मोल फार मोठे होते.

तेथवर पोहोचण्यापूर्वी जे करता येते ते इतके साधे आहे की, त्यासाठी कोणी देणगी देत नाही. मांडीच्या पुढील स्नायूंचा व्यायाम आणि वजन. स्थूल व वृद्ध रुग्णांच्या एका अभ्यासात घटलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचे मोजले गेले. फ्रेमिंगहॅम येथील स्त्रियांच्या पाहणीत दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन घटविणाऱ्यांना गुडघ्याच्या या विकाराचा धोका निम्म्याहून कमी राहिला. वजन घटविणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाने ४०७ स्थूल रुग्णांच्या गुडघेदुखीत ठळक उतार पडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे कोणी गुडघ्यात काहीच टोचले नव्हते.

हे सर्व टिपण आम्ही विश्वस्तांपुढे ठेवले आणि त्यांच्या अनुमतीने देणगीदार कुटुंबासही वाचून दाखविले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, मोठी देणगी हातची जाईल ही धास्ती आम्हांस होती. इंजेक्शनांचे केंद्र उत्पन्नही देणार होते, याचा हिशेब आम्हीच मांडला होता. वाचन संपल्यावर ज्येष्ठ चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आईला ते इंजेक्शन मिळालं असतं, तरी ती खाली उतरली नसती?" आमच्या भौतिकोपचार विभागप्रमुख बाईंनी उत्तर दिले, "दादा, इंजेक्शनाने नाही. पण चार-पाच वर्षं आधी त्या आमच्याकडे आल्या असत्या, तर मी त्यांना उतरवायचा प्रयत्न नक्की केला असता."

देणगी आता भौतिकोपचार कक्षाच्या विस्तारासाठी आणि ज्यांना निधीचे निकष आडवे येतात अशा रुग्णांच्या सांधेबदल शस्त्रक्रियांसाठी विभागून वापरण्यात येत आहे. कक्षात सरावासाठी एक लाकडी जिना बसविला आहे. कुटुंबाच्या सूचनेवरून विभागप्रमुख बाई घाटकोपरच्या त्या जुन्या इमारतीत टेप घेऊन गेल्या आणि तेथील पायऱ्यांची उंची मोजून आणली. आपल्याकडील जुन्या इमारतींच्या पायऱ्या तयार मिळणाऱ्या सराव-जिन्याहून बऱ्याच उंच असतात, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. नवा जिना त्या मापाचा आहे.

गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग मंगळवारी व शुक्रवारी सकाळी भरतो. प्रथम येताना जुनी क्ष-किरण चित्रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि पूर्वी गुडघ्यात इंजेक्शने घेतली असल्यास त्यांची कागदपत्रे सोबत आणावीत. घरातील जिन्याच्या पायरीची उंची मोजून आणल्यास अधिक बरे.